कादंबरीचा नवा प्रोजेक्ट: पहिल्या बैठकीत काय करावं आणि काय पुढे ढकलावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: कादंबरीची चाळीसेक पानं वर्डमध्ये लिहून झाली आहेत. पुढचं स्क्रिव्हनर या लेखकांसाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहायचं ठरवलं, कादंबरीचा टेम्पलेट (तयार साचा) उघडला आणि त्यातले फोल्डर बघून गोंधळ उडाला. सुरुवात कुठून करावी, व्यक्तिरेखांचे तक्ते आधी भरावेत का, आणि मराठी मजकूर यात धड चालतो का?

तक्ते आत्ता भरू नका. मराठी चालतं, फक्त काही गोष्टी आधी बसवून घ्याव्या लागतात. आणि सुरुवात शेवटच्या टोकाकडून करा. म्हणजे पहिल्याच बैठकीत दोन खोटे, फक्त चाचणीपुरते प्रसंग टाका, प्रोजेक्टचा बॅकअप घ्या, तो बॅकअप दुसरीकडे उघडून बघा आणि त्या दोन प्रसंगांची वर्ड फाईल बाहेर काढा. मजकूर आत टाकणं कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये सोपं असतं. तो सहा महिन्यांनी जागेवर सापडतो का आणि जसा लिहिला तसा बाहेर येतो का, इथे माणसं अडकतात. ७०,००० शब्द झाल्यावर फाँट बिघडलेला दिसला तर निस्तरायला आठवडा जातो. दोन प्रसंगांवर दिसला तर दहा मिनिटांत काम होतं.

खालचं सगळं स्क्रिव्हनर ३ डोळ्यासमोर ठेवून लिहिलं आहे. ही आवृत्ती मॅकवर २०१७ मध्ये आणि विंडोजवर २०२१ मध्ये आली. चाचणी प्रत ३० दिवसांची असते आणि त्यात सॉफ्टवेअर प्रत्यक्ष उघडलं तेवढेच दिवस मोजले जातात, त्यामुळे प्रयोगाला भरपूर वेळ मिळतो.

टेम्पलेट आणि जागा

फिक्शनखाली ‘नॉव्हेल’ आणि ‘नॉव्हेल विथ पार्ट्स’ असे दोन टेम्पलेट दिसतील. कादंबरीचे भाग पडणार हे आत्ताच पक्कं असेल तरच दुसरा घ्या, नाहीतर पहिला. कोरा ‘ब्लँक’ प्रोजेक्ट घेऊन सगळं स्वतः मांडण्याचा मोह होतो, पण टेम्पलेटचं मोल त्यातल्या नमुना फोल्डरांत नाही. फोल्डर म्हणजे प्रकरण आणि त्यातला दस्तऐवज म्हणजे प्रसंग, ही ओळख टेम्पलेटमध्ये आधीच बांधलेली असते आणि शेवटी पुस्तक बाहेर काढताना तीच कामी येते. पुढे भाग पाडावेसे वाटले तर पाडता येतात. मात्र वर एक पातळी वाढली की प्रकरणं एक पायरी खाली सरकतात आणि सॉफ्टवेअर भागाच्या फोल्डरला प्रकरण समजू लागतं. त्यावर उपाय ‘प्रोजेक्ट सेटिंग्ज’मधल्या ‘सेक्शन टाइप्स’मध्ये आहे. कुठल्या पातळीचा फोल्डर म्हणजे काय, हे तिथे नव्याने सांगायचं.

प्रोजेक्टला छोटं, रोमन अक्षरांतलं, कामापुरतं नाव द्या. देवनागरी नाव चालतं, पण झिप करताना किंवा मॅकवरून विंडोजवर नेताना काही साधनं त्याची चिन्हं बिघडवतात. पुस्तकाचं नाव दहा वेळा बदलेल, फाईलचं नाव तेच राहू द्या. जागा संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवा. क्लाउडचं काय करायचं ते पुढे येईल.

विंडोज वापरणाऱ्यांनी एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेवावी. स्क्रिव्हनरचा प्रोजेक्ट म्हणजे एक फाईल नव्हे, ते अख्खं फोल्डर असतं. मॅकवर ते एका फाईलसारखं दिसतं, विंडोजवर उघडं फोल्डर दिसतं आणि त्यात प्रोजेक्टच्या नावाची एक छोटी फाईल असते. ती फक्त अनुक्रमणिका आहे. मजकूर आतल्या ‘फाइल्स’ फोल्डरमध्ये शेकडो तुकड्यांत साठवलेला असतो. पेनड्राइव्हवर ती एकटी छोटी फाईल नेली की दुसऱ्या संगणकावर प्रकरणांची नावं दिसतात आणि आत सगळं कोरं. ‘माझी कादंबरी उडाली’ या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच असतं, मजकूर मूळ जागी सुखरूप असतो. न्यायचं तर पूर्ण फोल्डर न्या. आणि झिप केलेला प्रोजेक्ट झिपच्या आतूनच उघडू नका. आधी बाहेर काढा, मग उघडा.

आता डावीकडची यादी, म्हणजे बाइंडर, साफ करा. टेम्पलेटची माहिती सांगणारं पान आणि नमुना पीडीएफ कचऱ्यात टाका. मूळ तीन फोल्डर (हस्तलिखित, संदर्भ, कचरा) काढता येत नाहीत, पण त्यांची नावं मराठी करता येतात. करून घ्या. रोज डोळ्यासमोर असणारी यादी आपल्या भाषेत असली की बरं वाटतं.

आधीची चाळीस पानं

ती आत आणण्याआधी एक तपासणी करा. मजकूर निवडून त्याला दुसराच कुठलातरी साधा देवनागरी फाँट लावा. अक्षरं वाचता येत राहिली तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे फाँट बदलला तरी अक्षर तेच राहतं अशा पद्धतीत आहे. त्याऐवजी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसली तर तो श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप झालेला आहे. असा मजकूर तसाच आत आणू नका. त्यात शोध चालत नाही, शब्दमोजणीचा भरवसा नसतो आणि फाँट निसटला की सगळं वाचण्यापलीकडे जातं. आधी परिवर्तकातून (असा मजकूर बदलून देणाऱ्या साधनातून) युनिकोड करा आणि मग रफार, ‘ऱ्य-ऱ्ह’, ‘श्र’, ‘ॲ’ आणि ऱ्हस्व वेलांटी असलेली जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. परिवर्तक हमखास तिथेच चुकतात.

मग वर्डमध्येच जिथे जिथे प्रसंग बदलतो तिथे एका स्वतंत्र ओळीत ### असं चिन्ह टाका. स्क्रिव्हनरमध्ये ‘फाईल’, ‘इम्पोर्ट’, ‘इम्पोर्ट अँड स्प्लिट’ या वाटेने जा आणि विभाजक म्हणून तेच चिन्ह द्या. चाळीस पानांचे प्रसंगागणिक तुकडे होऊन येतील. वर्डमध्ये शीर्षकांच्या शैली नीट वापरल्या असतील तर शीर्षकांवरून तुकडे करण्याचाही पर्याय मिळतो, पण बहुतेकांनी शीर्षक नुसतं ठळक केलेलं असतं आणि मग तो पर्याय काही करत नाही. एखादी जागा राहून गेली तर मजकुरात कर्सर ठेवून ‘स्प्लिट ॲट सिलेक्शन’ वापरा. विंडोजवर कंट्रोल आणि के, मॅकवर कमांड आणि के. मराठी कीबोर्ड चालू असताना काही ठिकाणी हे शॉर्टकट लागत नाहीत. तेव्हा मेनूतून जा.

मूळ वर्ड फाईल जपून ठेवा, पण तिच्यात पुढे एक अक्षरही लिहू नका. दोन ठिकाणी चालू असलेला मसुदा जुळवणं फार त्रासाचं असतं.

एक दस्तऐवज म्हणजे एक प्रसंग

या प्रकारच्या सॉफ्टवेअरचा सगळा फायदा इथे आहे, म्हणून यावर थोडं थांबतो. एक दस्तऐवज म्हणजे एक प्रकरण अशी मांडणी केली तर वर्ड सोडून काही मिळवलं नाही. प्रकरणांच्या सीमा शेवटपर्यंत हलत राहतात, प्रसंग मात्र बहुधा अखंड राहतो. जागा बदलली, काळात उडी पडली किंवा ज्याच्या नजरेतून सांगतो आहोत तो माणूस बदलला की नवा दस्तऐवज. लांबी साधारण ८०० ते २,००० शब्द. ६०,००० ते ८०,००० शब्दांच्या कादंबरीत असे पन्नास ते ऐंशी प्रसंग होतात आणि एवढी यादी एका नजरेत मावते. तीन-तीनशे शब्दांचे तुकडे पाडले तर यादी अडीचशेवर जाते आणि मग तिच्यातच हरवायला होतं.

तुकड्यांत लिहिल्याने ओघ तुटेल ही भीती बरोबर आहे, पण त्यावर सोय आहे. प्रकरणाचा फोल्डर निवडून ‘स्क्रिव्हनिंग्ज’ दृश्य लावलं की आतले सगळे प्रसंग सलग मजकुरासारखे दिसतात आणि तिथेच दुरुस्तही करता येतात.

दस्तऐवजाला ‘प्रसंग १२’ असं नाव देऊ नका. जागा बदलली की तो आकडा खोटा ठरतो, आणि यादी वाचताना त्यावरून काही कळतही नाही. नावात कर्ता आणि क्रिया असू द्या: ‘सुमती पत्र जाळते’, ‘भाऊ घर विकायला नकार देतो’. असं नाव सुचतच नसेल तर त्या प्रसंगात काही घडत नसण्याची शक्यता आहे, आणि ते दुसऱ्या खर्ड्याऐवजी आत्ताच कळलं. उजवीकडच्या पट्टीत सारांशाची जागा आहे, तिथे एक-दोन वाक्यं लिहा. कॉर्कबोर्ड या दृश्यात प्रत्येक प्रसंगाचं एक कार्ड असतं, त्यावर हीच वाक्यं दिसतात.

खुणांच्या बाबतीत हात आखडता घ्या. एका दस्तऐवजाला एकच ‘लेबल’ लावता येतं, म्हणून ते ज्याच्या नजरेतून प्रसंग सांगितला आहे त्याच्यासाठी वापरा, प्रत्येकाला एक रंग. ‘स्टेटस’चे टेम्पलेटमधले पर्याय पुसून तीनच ठेवा: कच्चा, वाचलेला, पक्का. ‘कस्टम मेटाडेटा’मध्ये, म्हणजे स्वतः ठरवायच्या रकान्यांत, एकच रकाना करा: कथेतली तारीख, साधा मजकूर म्हणून. ‘दिवाळीच्या आदल्या रात्री’ एवढं लिहिलं तरी चालेल. सातव्या महिन्यात गरोदर असलेली बाई चार प्रसंगांनंतरही सातव्याच महिन्यात आहे, अशा चुका हा एक रकाना पकडतो. बाकी कीवर्ड वगैरे आत्ता लागत नाहीत.

व्यक्तिरेखांची पानं

टेम्पलेटमधल्या व्यक्तिरेखेच्या तक्त्यात भूमिका, व्यवसाय, वर्णन, सवयी, पार्श्वभूमी, आतला संघर्ष, बाहेरचा संघर्ष असे रकाने आहेत. बारा पात्रांसाठी ते भरायला बसलात तर दोन आठवडे जातील, लिहिल्याचं समाधान मिळेल आणि कादंबरीचं एक पानही झालेलं नसेल. शिवाय पहिल्या दहा प्रसंगांत पात्रं बदलतात आणि भरलेलं निम्मं खोटं ठरतं. ‘टेम्पलेट शीट्स’ फोल्डरमधलं ते पान उघडा, रिकामं करा आणि त्यात पाचच ओळी ठेवा. नवं पात्र आलं की ‘प्रोजेक्ट’ मेनूतल्या ‘न्यू फ्रॉम टेम्पलेट’मधून तेच पान उमटतं.

पहिली ओळ नावाची, ज्या शुद्धलेखनात पुस्तकात येणार त्याच शुद्धलेखनात, सामान्यरूपासकट. दुसरी जन्मसालाची. वय लिहू नका, वय कथेबरोबर बदलतं. तिसरी ओळ: कोण त्याला काय म्हणून हाक मारतं आणि तो कोणाला अहो-जाहो करतो. मराठी कादंबरीत ही ओळ सगळ्यात जास्त उपयोगी पडते. सून सासऱ्यांना तिसऱ्या प्रसंगात ‘मामा’ आणि विसाव्यात ‘बाबा’ म्हणाली, किंवा धाकटा दीर वहिनीला एकदा ‘तू’ आणि एकदा ‘तुम्ही’ म्हणाला, की वाचकाला लगेच खटकतं, कारण नात्यातला बदल आपल्याकडे सर्वनामातून कळतो. तो बदल मुद्दाम केलेला असेल तर तो कुठल्या प्रसंगात होतो तेही इथेच लिहा. चौथ्या ओळीत त्याला काय हवं आहे, पाचवीत तो काय लपवतो आहे. बस.

नावाचं सामान्यरूप का लिहायचं ते सांगतो. लिहिता लिहिता पात्राचं नाव बदलावंसं वाटतं आणि ‘प्रोजेक्ट रिप्लेस’ने एका झटक्यात बदलू असं आपण समजतो. ‘गंगा’ शोधून बदललं तर ‘गंगेला’, ‘गंगेने’, ‘गंगेचा’ तसेच राहतात. फक्त पूर्ण शब्द शोधण्याचा पर्याय लावला तर ‘सुमती’ सापडते आणि ‘सुमतीने’ सुटतं. तो पर्याय काढून ‘रमा’ बदलायला गेलात तर ‘रमाकांत’ तर बदलतोच, ‘परमानंद’ही बदलतो. वर ही क्रिया उलटवता येत नाही, म्हणून आधी बॅकअप घ्यायलाच हवा.

नाव अजून ठरलंच नसेल तर कुठल्याही मराठी शब्दात न येणारी खूण वापरा, उदाहरणार्थ ‘झझ’. ‘झझने दार लावलं’, ‘झझला कळेना’ असं लिहीत जा. नाव ठरलं की आधी प्रत्यय लागलेली रूपं बदला: ‘झझने’चं ‘गंगेने’, ‘झझला’चं ‘गंगेला’, ‘झझच’चं ‘गंगेच’ (यात चा, ची, चे, च्या सगळे येतात). नुसतं ‘झझ’ सगळ्यात शेवटी. क्रम उलटा केलात तर ‘गंगाने’ आणि ‘गंगाला’ हाती येतात.

मराठी मजकुरासाठी आधी करायच्या गोष्टी

कुठला फाँट हवा ते स्क्रिव्हनरच्या सेटिंग्जमध्ये, ‘एडिटिंग’खालच्या ‘फॉर्मॅटिंग’ भागात ठरवा. इथला बदल फक्त यापुढे तयार होणाऱ्या दस्तऐवजांना लागू होतो. आधीच आणलेल्या चाळीस पानांसाठी ते सगळे दस्तऐवज निवडून ‘डॉक्युमेंट्स’ मेनूतलं ‘कन्व्हर्ट’, त्यात ‘टेक्स्ट टू डीफॉल्ट फॉर्मॅटिंग’ चालवा. हे माहीत नसल्याने लोक प्रत्येक प्रसंगाचा फाँट हाताने बदलत बसतात.

मुक्ता, नोटो सेरिफ देवनागरी, तिरो देवनागरी मराठी हे तिन्ही फाँट मोफत मिळतात आणि पडद्यावर वाचायला चांगले आहेत. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हवे असतील तर तिरोमध्ये ते थेट मिळतात. काही फाँटांत ती वळणं असतात, पण मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदलेली असेल तरच दिसतात, नाहीतर हिंदी वळण येतं. ओळींमधलं अंतर पटीत द्या, १.३ ते १.५ पट. नेमक्या पॉइंटमध्ये बांधलं तर वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात. तिरकी अक्षरं टाळा. देवनागरीत त्यांची मुळात परंपरा नाही आणि बहुतेक फाँटांत सॉफ्टवेअर सरळ अक्षरंच ओढूनताणून तिरकी करतं. पत्र, डायरी, स्वप्न वेगळं दाखवायचं असेल तर समास आत घेणं जास्त शोभतं.

टाइप करताना शब्दलेखन तपासणी बंद ठेवा. मराठी शब्दकोश बसवलेला नसेल तर अख्खं पान लाल रेघांनी भरतं.

आणि एक न दिसणारी अडचण. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाइप होतो: एक, खाली नुक्ता असलेला ‘ऱ’ घेऊन, दुसरा, साधा र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घेऊन. ‘ॲ’ही दोन प्रकारे होतो, एकसंध अक्षर म्हणून किंवा ‘अ’वर वेगळी चंद्र-मात्रा देऊन. दिसायला सारखंच, पण शोधाच्या दृष्टीने ते वेगवेगळे शब्द. फोनवर एका कीबोर्डने आणि संगणकावर दुसऱ्याने लिहिलं की हे हमखास होतं, आणि मग ‘ॲना’ अकरा प्रसंगांत असून पाचांतच सापडते. दोन्ही उपकरणांवर हे दोन शब्द टाइप करून एका दस्तऐवजात ठेवा आणि शोधून बघा. फरक निघाला तर एकच पद्धत ठरवा आणि दुसरी तेव्हाच बदलून टाका.

बॅकअप

स्क्रिव्हनर टाइप करणं थांबलं की दोन सेकंदांत आपोआप जतन करतं. त्यामुळे वीज गेल्याने फारसं काही जात नाही. पण चुकून पुसलेला परिच्छेदही दोन सेकंदांत तितक्याच निष्ठेने पुसलेला जतन होतो. म्हणून एखाद्या प्रसंगाला हात घालण्याआधी ‘स्नॅपशॉट’ घ्या (कंट्रोल किंवा कमांड आणि ५). त्या प्रसंगाची त्या क्षणाची प्रत राहते आणि केव्हाही परत आणता येते. स्नॅपशॉट मात्र प्रोजेक्टच्या आतच साठतो, डिस्क गेली की तोही गेला. त्याला बॅकअप समजू नका.

खरा बॅकअप सेटिंग्जमधल्या ‘बॅकअप’ भागात. प्रोजेक्ट बंद करताना बॅकअप घेणं चालू ठेवा, झिप करणं चालू, फाईलच्या नावात तारीख चालू, आणि किती प्रती ठेवायच्या तो आकडा वाढवून २५ करा. फक्त पाच ठेवल्या आणि दिवसातून तीनदा प्रोजेक्ट उघड-बंद केला तर दोन दिवसांपूर्वीची चूक सुधारायला प्रत उरत नाही. बॅकअपचा फोल्डर क्लाउडमध्ये ठेवा, चालू प्रोजेक्ट मात्र स्थानिक डिस्कवर.

असं उलटसुलट का? चालू प्रोजेक्ट म्हणजे शेकडो छोटे तुकडे. क्लाउड ते एकेक करून चढवतं. अर्धे चढलेले असताना दुसऱ्या संगणकावर प्रोजेक्ट उघडला की तुकडे जुळत नाहीत आणि एकाच प्रसंगाच्या दोन प्रती तयार होतात. झिप मात्र एकच फाईल असते, चढली तर पूर्ण चढते. दोन संगणकांवर काम करणं टाळताच येत नसेल तर शिस्त पाळा: पहिल्यावर प्रोजेक्ट बंद, क्लाउडची खूण पूर्ण झाल्याचं डोळ्यांनी बघणं, मगच दुसऱ्यावर उघडणं. आणि त्या फोल्डरला ‘या उपकरणावर कायम ठेवा’ असं सांगा. जागा वाचवण्यासाठी फाईली फक्त क्लाउडवर ठेवण्याची सोय चालू असेल तर काही तुकडे संगणकावर नसतातच आणि प्रसंग कोरे दिसतात. फोनवरच्या आयओएस आवृत्तीशी जोडायचं असेल तर ड्रॉपबॉक्स वापरा, ती त्यावरच बेतलेली आहे. गूगल ड्राइव्हमध्ये चालू प्रोजेक्ट ठेवू नका.

संदर्भाच्या फोल्डरमध्ये व्हिडिओ आणि शेकडो फोटो भरू नका. प्रोजेक्ट फुगतो, बंद करताना बॅकअपला मिनिटं लागतात, कंटाळून माणूस बॅकअप बंद करतो आणि नेमकी तेव्हाच डिस्क जाते. मोठ्या फाईली बाहेर ठेवा, आत फक्त टिपण आणि दुवा.

आता तपासणी: प्रोजेक्ट बंद करा, तयार झालेली झिप दुसऱ्या फोल्डरमध्ये सोडवा, तिथून उघडा, खोटे प्रसंग वाचा. ही प्रत लगेच पुसून टाका, नाहीतर उद्या चुकून तिच्यातच लिहायला सुरुवात होईल.

बाहेर काढून बघणं

‘फाईल’मधलं ‘कम्पाइल’ उघडा. सगळे प्रसंग जोडून एक फाईल इथूनच निघते. वर वर्डची फाईल निवडा. डावीकडे स्वरूपांची यादी, मधे सेक्शन लेआउट (प्रकरण, प्रसंग छापील पानावर कसे दिसतील ते), उजवीकडे काय घ्यायचं त्याची यादी. ‘मॅन्युस्क्रिप्ट’ नावाची तयार स्वरूपं इंग्रजी टंकलिखितासाठी आहेत, कुरियर किंवा टाइम्स फाँट लावतात आणि देवनागरीला मग मिळेल तो पर्यायी फाँट चिकटतो. ‘डीफॉल्ट’ निवडा, ‘असाइन सेक्शन लेआउट्स’मध्ये प्रकरणाला शीर्षक असलेला आणि प्रसंगाला नुसत्या मजकुराचा लेआउट द्या.

पहिल्या प्रयत्नात काहीतरी बिनसतंच. प्रसंग आलाच नाही तर तो हस्तलिखिताच्या फोल्डरबाहेर आहे, किंवा त्याची ‘इन्क्लूड इन कम्पाइल’ची खूण गेली आहे. फाँट वेगळा आला तर स्वरूपाची प्रत करा (उजवं क्लिक, ‘ड्युप्लिकेट अँड एडिट फॉर्मॅट’) आणि सेक्शन लेआउटमधली मजकुराचं रूप बदलणारी खूण काढा, म्हणजे संपादकातलाच फाँट बाहेर येईल. प्रकरणाच्या डोक्यावर इंग्रजीत ‘चॅप्टर वन’ आलं तर लेआउटच्या शीर्षकातला तो शब्द आणि त्यापुढची आकडा-खूण दोन्ही काढा. ती खूण आकडे इंग्रजी शब्दांत लिहिते, मराठीत लिहीत नाही. ‘प्रकरण १’ हे फोल्डरचं नाव म्हणून शेवटच्या खर्ड्यात हाताने दिलेलं बरं. दोन प्रसंग एकमेकांना चिकटून आले तर ‘सेपरेटर्स’मध्ये जाऊन प्रसंगांमध्ये तीन तारे किंवा मोकळी ओळ ठेवा.

खोट्या प्रसंगांत म्हणूनच मुद्दाम अवघड शब्द घाला: दुसऱ्या, ऱ्हास, ॲना, विठ्ठल, उद्ध्वस्त, एक संवाद अवतरणचिन्हांत, एक लांब रेघ. वर्डमध्ये हे सगळं ठीक दिसलं की स्वरूप जतन करा. पीडीएफही काढून बघा, पण प्रकाशकाला पाठवायला वर्डचीच फाईल धरा. देवनागरी पीडीएफमधून मजकूर उचलला तर मात्रांची जागा बऱ्याचदा चुकते.

स्क्रिव्हनर न वापरणाऱ्यांसाठीही क्रम हाच. मोफत आणि मुक्त स्रोत असलेलं नॉव्हेलरायटर साध्या मजकुरात लिहितं. तिथे शीर्षकाची पातळी # चिन्हांच्या संख्येवरून ठरते: एक म्हणजे भाग, दोन म्हणजे प्रकरण, तीन म्हणजे प्रसंग. नवखे लोक प्रकरणाला एकच चिन्ह देतात आणि सगळी कादंबरी भागांचीच बनते. चिन्हानंतर मोकळी जागा सोडावी लागते, तीही विसरू नका. विंडोजवरचं वायरायटर प्रत्येक प्रसंगासाठी हेतू, संघर्ष आणि परिणाम विचारतं. रकाने रिकामे सोडले तरी काही अडत नाही.

रोजचं लक्ष्य

‘प्रोजेक्ट टार्गेट्स’मध्ये पूर्ण कादंबरीचा आकडा आणि शेवटची तारीख दिली की रोजचे शब्द आपोआप निघतात. शब्दच मोजा, अक्षरं नको. ‘क्ष’सारखं एक अक्षर मोजणीत तीन चिन्हं होऊ शकतं. ५०० शब्द रोज, आठवड्याचे पाच दिवस धरले तर २६ आठवड्यांत ६५,००० होतात, आणि हा वेग बहुतेकांना झेपतो. पर्यायांत ऋण आकडे मोजण्याची खूण असेल तर पहिल्या खर्ड्यापुरती काढून टाका. नाहीतर जिथे वाईट परिच्छेद पुसायला हवा तिथे आकडा घसरेल म्हणून तो ठेवला जातो.

एवढं झालं की खोटे प्रसंग पुसा आणि चाळीस पानांच्या शेवटच्या प्रसंगापुढे नवा दस्तऐवज उघडून लिहायला लागा. दहा नवे प्रसंग होईपर्यंत कुठलीही नवी खूण, रकाना किंवा रंग वाढवू नका. दहा झाले की ‘आउटलाइनर’ दृश्य (प्रसंगांची रकान्यांसकट यादी) उघडा आणि आठवा की या काळात कुठली गोष्ट शोधायला सारखं मागे जावं लागलं: घटनेची वेळ, हातातली वस्तू, कोणाला काय माहीत आहे. जी सारखी शोधावी लागली तिच्यासाठी एक रकाना वाढवा, आणि तो झालेल्या दहा प्रसंगांपुरता लगेच भरून टाका.